क्यू-टेनच्या गोळीने पार्किन्सन बरा होतो का?

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून फिरतो: ‘कोएन्झाइम क्यू-टेन घ्या, पेशींची ऊर्जा वाढेल, पार्किन्सन आणि मधुमेह मुळापासून जातील.’

यातला पहिला धागा खरा आहे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात टप्प्याटप्प्याच्या एका साखळीने ऊर्जा तयार होते, क्यू-टेन त्या साखळीतला घटक आहे आणि पार्किन्सनमध्ये ही साखळी बिघडलेली आढळते. पण म्हणून तोच घटक गिळला की बिघाड सुधारतो, असं नाही. हे तपासून झालंय. पार्किन्सनच्या ६०० रुग्णांपैकी काहींना रोज १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम क्यू-टेन दिलं, काहींना नुसती दिखाऊ गोळी. फायदा दिसेना, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. शरीरात जन्मतः क्यू-टेनच नीट बनत नाही अशा दुर्मीळ रुग्णांना मात्र ते खरोखर उपयोगी पडतं.

मधुमेहाची तर गंमतच आहे. मेटफॉर्मिन हे नेहमीचं औषध प्रयोगशाळेत याच साखळीचा पहिला टप्पा मंदावतं!

पडताळायचं तर डबी फिरवून बघा: ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडेल. आणि घरात कुणाचं वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. क्यू-टेनमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.