केनक्यूसेई की मास्टर्स? जपानीत पुढे शिकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे रिसर्च स्टुडंट म्हटलं की पीएच.डी. करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. म्हणून जपानी विद्यापीठातून ‘केनक्यूसेई’, म्हणजे इंग्रजीत ‘रिसर्च स्टुडंट’, असं प्रवेशपत्र आलं की घरी पेढे वाटले जातात आणि पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं असंच सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात केनक्यूसेईला कोणतीही पदवी मिळत नाही. सहा महिने किंवा वर्षभर एका सेन्सेईंच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, मार्गदर्शनाखाली वाचायचं, त्यांच्या सेमिनारला बसायचं आणि मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे ‘इन्शी’ची तयारी करायची, असं ते वर्ष असतं. मास्टर्स हा साधारण दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम. त्यात किमान ३० क्रेडिट आणि प्रबंध पूर्ण करावा लागतो.

केनक्यूसेईची निवड बहुतेक ठिकाणी कागदपत्रं, संशोधनाचा आराखडा आणि सेन्सेईंची संमती यांवर होते. मास्टर्सला इन्शी द्यावीच लागते, आणि जपानी साहित्याच्या विभागांत ती फार कस पाहते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-१ ही सर्वांत वरची पातळी पास झालेले हुशार विद्यार्थीही इथे अडखळतात, कारण जेएलपीटीमध्ये निबंध लिहावा लागत नाही आणि अभिजात जपानीचा तर प्रश्नच येत नाही. ‘गेंजी मोनोगातारी’ या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीतला उतारा समोर आला की आधुनिक व्याकरण पुरत नाही. एदो काळावर (सतरावं ते एकोणिसावं शतक) काम करायचं असेल तर ‘कुझुशिजी’ ही जुनी वळणदार अक्षरंही वाचता यायला हवीत. मोडी शिकलेल्या माणसाला या कष्टांची कल्पना येईल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्राचीन किंवा मध्ययुगीन साहित्य घेणाऱ्याने केनक्यूसेईचं वर्ष वाया गेलं असं अजिबात समजू नये. आजच्या बोलीभाषेवर किंवा मराठी-जपानी वाक्यरचनेच्या तुलनेवर काम करणाऱ्याने, पदवी भाषाशास्त्राची असेल आणि जपानीत लिहिण्याचा सराव असेल, तर थेट मास्टर्सचा प्रयत्न जरूर करावा.

पण त्याआधी वर्षं मोजा. मास्टर्सच्या प्रवेशासाठी जपानमध्ये सर्वसाधारणपणे १६ वर्षांचं शिक्षण लागतं. बारावी आणि तीन वर्षांचं बी.ए. मिळून आपली १५ होतात. इथे एम.ए. केलं असेल किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल, तर अडचण येत नाही. नुसतं तीन वर्षांचं बी.ए. असेल तर अनेक विद्यापीठं वैयक्तिक पात्रता तपासतात. १५ वर्षांच्या शिक्षणानंतर साधारण वर्षभर केनक्यूसेई म्हणून संशोधन केलेलं असणं आणि वयाची २२ पूर्ण असणं, हा पात्रतेचा एक मान्य मार्ग आहे. पुणे-मुंबईच्या बी.ए. झालेल्या मुलांना हे वेळेत सांगणारं कुणी भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अर्ज भरण्याआधीच त्या विभागाच्या कार्यालयाला लेखी विचारा.

खर्चातही फरक आहे. राष्ट्रीय विद्यापीठांच्या प्रमाण दरांनुसार केनक्यूसेईला प्रवेशशुल्क ८४,६०० येन आणि महिन्याला २९,७०० येन फी पडते. मास्टर्सला प्रवेशशुल्क २,८२,००० आणि वर्षाची फी ५,३५,८०० येन. खासगी विद्यापीठांचे आकडे वेगळे असतात.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत ‘रिसर्च स्टुडंट’ हे नाव पुन्हा भेटतं आणि गोंधळ वाढतो. ते योजनेचं नाव आहे. त्याखाली केनक्यूसेई, मास्टर्स आणि पीएच.डी. असे तिन्ही विद्यार्थी येतात. दूतावासामार्फत निवड झालेले बरेच जण आधी केनक्यूसेई म्हणून जातात आणि तिथून इन्शी देतात. ठरलेल्या मुदतीत इन्शी पास झाली नाही, तर शिष्यवृत्ती पुढे वाढत नाही आणि परतावं लागतं. म्हणून निवडीचं पत्र हाती आलं की त्याच आठवड्यात आपल्या विभागाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. अनेक विद्यापीठं त्या उपलब्ध करून देतात.