अलेक्झांड्रियाचा चिखल्या

ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलावर चार-पाच पावलं तुरुतुरु धावायचं, खटकन थांबायचं, काहीतरी टिपायचं आणि पुन्हा धावायचं, ही केंटिश चिखल्या या छोट्या पक्ष्याची चाल. लांबी 15 ते 17 सेंटिमीटर, वजन 40 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या बऱ्याच भाऊबंदांच्या छातीवर काळा पट्टा पुरता गोल फिरतो. याचा मात्र मधेच तुटलेला असतो, दोन्ही बाजूंना फक्त काळे डाग. विणीच्या काळात नराच्या डोक्यावर तांबूस टोपी चढते.

त्याचं शास्त्रीय नाव वाचलं की आपण थेट इजिप्तमध्ये जातो. ‘अलेक्झांड्रिनस’ म्हणजे अलेक्झांड्रियाचा. अलेक्झांडरने इ.स.पू. 331 मध्ये वसवलेल्या शहराचं हे विशेषण एरवी फारसं भेटत नाही. बायबलच्या पाचव्या शतकातल्या एका प्रसिद्ध ग्रीक हस्तलिखिताच्या नावात ते आहे. आणि आपल्या ओळखीच्या सोनामुखीच्या शास्त्रीय नावातही आहे, कारण तिचा व्यापार त्या बंदरातून चाले.

पक्ष्याला ते चिकटलं ते सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसमुळे. त्याचा शिष्य फ्रेडरिक हॅसलक्विस्ट इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये वनस्पती, प्राणी, पक्षी गोळा करत फिरला आणि परतीच्या वाटेवर 1752 मध्ये स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर) इथे वारला. वय जेमतेम तिशीचं. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे सगळा संग्रह सावकारांकडे अडकला. शेवटी स्वीडनच्या राणीने, लुईझा उलरिकाने, पैसे भरून तो सोडवला. लिनियसने शिष्याच्या नोंदी 1757 मध्ये छापल्या आणि पुढच्याच वर्षी आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हा चिखल्या नोंदवला. राणीने हात आखडता घेतला असता, तर या पक्ष्याचं नाव कदाचित वेगळंच झालं असतं.

ते काय झालं असतं, याचा अंदाजही बांधता येतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात मिळालेल्या नमुन्यांवरून इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथम याने 1801 मध्ये याच पक्ष्याला ‘कँटियानस’, म्हणजे केंटचा, असं नाव दिलं. पण प्राणिशास्त्रात आधीच्या नावाला मान असतो, त्यामुळे लॅथमचं नाव मागे पडलं. इंग्रजीत मात्र केंट राहिलं ते राहिलंच. गंमत अशी, की आज केंटमध्ये त्याची वीण होत नाही. विसाव्या शतकात त्याने ब्रिटनमधली घरटी जवळपास सोडूनच दिली. नाव चुकीच्या गावाचं असलं तरी नियमाने ते बदलता येत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. नाहीतर दर पिढीने नावं दुरुस्त करत बसावं लागलं असतं.

मुळात एका गावात मावणारा हा पक्षीच नाही. युरोप आणि उत्तर आफ्रिकेपासून थेट जपानपर्यंत तो वीण करतो. घरटं म्हणजे उघड्या वाळूत पायाने उकरलेली खळगी, त्यात बहुधा तीन ठिपकेदार अंडी. दिवसा बहुतेक वेळ मादी बसते, रात्री नर. रणरणत्या उन्हात अंड्यांना ऊब द्यायची नसते, ती थंड ठेवायची असतात. मग पालक पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतात. शत्रू जवळ आला तर पंख मोडल्याचं सोंग करत त्याला दूर नेतात. पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात स्वतः चरायला लागतात. तेव्हा अनेक ठिकाणी मादी चक्क निघून जाते आणि दुसरा नर गाठते. पिल्लांची राखण बापाकडे. माद्यांपेक्षा नर जास्त असलेल्या वस्तीत तिला नवा जोडीदार पटकन मिळतो, हे त्यामागचं एक कारण.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा असतो. अडीचशे वर्षं ते आडनाव ‘कॅरॅड्रियस’ होतं. जनुकीय अभ्यासानंतर अलीकडे ते ‘अनारिंकस’ झालं. न्यूझीलंडचा, चोच उजवीकडे वळलेला अजब पक्षी याच कुटुंबातला, आणि हे आडनावही मूळचं त्याचंच. अलेक्झांड्रियाला मात्र धक्का लागला नाही. फक्त लिनियसचं नाव कंसात गेलं. पहिला शब्द बदलला की मूळ नाव देणाऱ्याला कंसात टाकायचं, असा रिवाज आहे.

घरातून वेगळे झालेलेही आहेत. अमेरिकेतला हिम-चिखल्या 2011 मध्ये स्वतंत्र जाती ठरला. 2023 मध्ये श्रीलंका आणि दक्षिण भारतात राहणाऱ्या पक्ष्यांबाबतही असाच निष्कर्ष निघाला. ते रामसेतूच्या परिसरात राहतात म्हणून अभ्यासकांनी त्यांना हनुमानाचं नाव सुचवलं. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले अलेक्झांड्रियावाले याच किनाऱ्यांवर उतरतात आणि दोघं शेजारी शेजारी चरतात. तेव्हा पाय पाहावेत, अलेक्झांड्रियावाल्याचे काळे, तर हनुमान चिखल्याचे गडद करडे असतात. नर विणीच्या पिसाऱ्यात असेल तर काम आणखी सोपं, कारण हनुमानाच्या डोक्यावर ती तांबूस टोपी नसते.