गॅस हळू काढा, हे वेळेवर सांगितलं होतं

नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगन आहे, तिथे १९५९ मध्ये गॅसचा प्रचंड साठा सापडला आणि पुढच्या काही दशकांत डच सरकारला त्यातून साडेतीनशे अब्ज युरोच्या वर पैसा मिळाला. हा गॅस साधारण ३ किलोमीटर खाली वालुकाश्मात, म्हणजे वाळूच्या कणांमधल्या बारीक बारीक छिद्रांत दाबाखाली भरलेला असतो. तो काढला की दाब उतरतो, वरचं ओझं कणांवर येतं, थर दबतो, आणि जुन्या भेगेच्या दोन बाजू कमीजास्त दबल्या की ती भेग सरकते. कोयनेला धरणाच्या पाण्याने दाब वाढून धक्के बसतात, इथे दाब उतरून.

१६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ चा धक्का बसला. आकडा छोटा वाटतो पण केंद्र एवढं वरवर आणि घरं विटांची, मऊ मातीवर, त्यामुळे भिंती तडकल्या.

मग खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारच्याच खात्याने हिशोब मांडला आणि जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, जास्तीत जास्त किती मोठा भूकंप होईल ते आज सांगता येत नाही, पण गॅस जितका जास्त तितके धक्के जास्त, म्हणून उत्पादन लवकरात लवकर कमी करा. मला यातलं पहिलं अर्धं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं कारण सरकारने नेमकं तेच धरलं, अनिश्चितता आहे ना मग आणखी अभ्यास करू, आणि त्याच वर्षी ५० अब्ज घनमीटरच्या वर गॅस काढला, आदल्या वर्षापेक्षाही जास्त! तज्ज्ञांच्या दृष्टीने माहीत नसणं हेच सावध व्हायचं कारण होतं, मंत्रालयाने ते थांबून बघायचं कारण केलं. २०१५ मध्ये डच सुरक्षा मंडळाने चौकशी करून लिहिलं की एवढी वर्षं निर्णय घेताना लोकांची सुरक्षितता विचारातच घेतली नव्हती.

जानेवारी २०१८ मध्ये झेराइपला ३.४ चा धक्का बसला तेव्हा कुठे विहिरी बंद करायचं ठरलं. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला, भाव कडाडले, ग्रोनिंगन परत पूर्ण सुरू करा असा दबाव आला, पण त्याच खात्याने धोका आहे म्हणून सांगितलं आणि या वेळी सरकारने ऐकलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं, २०२४ मध्ये तसा कायदाच झाला. घरांची दुरुस्ती मात्र त्यानंतरही चालूच राहिली.