गोऱ्या राणीमुळे गादी गेली?

लालबाग पॅलेस बघायला पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की इंदूरच्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास निघते: तुकोजीराव होळकर तिसरे यांनी गोऱ्या बाईशी लग्न केलं, सनातनी खवळले आणि महाराजांची गादी गेली. ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत.

जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. मोटारीत त्यांच्यासोबत मुमताज बेगम होती, इंदूर दरबार सोडून गेलेली नर्तकी. तिला पळवायला आलेल्यांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरं जा, नाहीतर पायउतार व्हा, असं इंग्रज सरकारनं बजावलं. फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजांनी गादी सोडली. मुलगा यशवंतराव गादीवर आला. तुकोजीरावांचं अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न झालं ते मार्च १९२८ मध्ये!

सनातन्यांचा विरोध मात्र खोटा नाही. म्हणून तर आधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते नॅन्सीची शुद्धी झाली, म्हणजे तिला हिंदू धर्मात घेतलं, शर्मिष्ठा हे नाव मिळालं. तेवढ्यानंही भागेना. धर्म मिळाला, पण जात कुठली? शेवटी धनगर समाजात तिला दत्तक घेतलं, तेव्हा कुठे अंतरपाट धरला गेला.

परकं रक्त आडवं आलं ते पुढच्या पिढीत. यशवंतरावांच्या अमेरिकन पत्नीचा मुलगा रिचर्ड याला वारसा मिळाला नाही. १९६१ मध्ये घराण्याच्या प्रमुखपदाचा मान गेला पहिल्या पत्नीची मुलगी उषाराजेंकडे.