रेडिएशननंतर गाठ मोठी दिसते तेव्हा

मुलाच्या मेंदूतल्या गाठीवरचं रेडिएशन संपून दोन-तीन महिने झालेले असतात. मूल खेळतंय, जेवतंय, उलट्या थांबल्यात. आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये येतं : गाठीचा आकार आधीपेक्षा वाढला आहे. आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. गाठ खरंच वाढली असेल, ही शक्यता असतेच. पण हे वाक्य उपचाराच्या परिणामामुळेही येऊ शकतं. पालकांना ते पहिल्या स्कॅनच्या आधीच समजावून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

मेंदूच्या बऱ्याच गाठींना एकूण 54 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) आसपास रेडिएशन देतात, रोज 1.8 ग्रे, असे 30 डोस. त्याने पेशींचा डीएनए तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. अनेक पेशी पुढे विभाजनाची वेळ आली की मरतात. म्हणून सावकाश वाढणारी गाठ आक्रसायलाही कित्येक महिने घेते, कधी वर्षं. तोवर त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा झालेली असते. त्या पाझरू लागतात आणि आजूबाजूला सूज येते.

स्कॅनच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उठावदार करणारं औषध देतात. एरवी ते रक्तातून मेंदूच्या ऊतीत शिरत नाही. वाहिनी पाझरत असेल तिथेच झिरपतं आणि तो भाग पांढरा चमकतो. म्हणजे चमक दिसते ती पाझराची, कर्करोगाच्या पेशींची नव्हे. जोमाने वाढणाऱ्या गाठीतल्या नव्या वाहिन्याही पाझरतातच, त्यामुळे दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. मुलांमध्ये आणखी एक पेच आहे : पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही पहिल्या ग्रेडची, तुलनेने सौम्य गाठ मुळातच ठळक चमकते.

काही काळ वाढलेली दिसून, उपचार न बदलता आपोआप ओसरणाऱ्या या बदलाला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. रेडिएशन नेक्रोसिस, म्हणजे ऊतीच मृत होणं, हे वेगळं. ते काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही उद्भवतं.

मग फरक ओळखायचा कसा? परफ्युजन या प्रकारच्या स्कॅनमध्ये तिथला रक्तपुरवठा कळतो. वाढत्या गाठीत तो बहुधा जास्त असतो, मृत भागात कमी. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे ऊतीतली रसायनं मोजणाऱ्या एमआरआय तपासणीत, कोलीन हे रसायन वाढलेलं दिसलं तर गाठीचा संशय बळावतो. यातली कुठलीच तपासणी एकटी निर्णायक नाही. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावी, तर गाठ ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) असली की धोका मोठा. शिवाय एकाच तुकड्यात जिवंत गाठ आणि मृत ऊती दोन्ही सापडू शकतात.

स्टेरॉइडचा डोस तर विसरूच नये. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने पाझर घटतो आणि स्कॅनमधला चमकणारा डाग लहान दिसतो. औषध कमी केलं की तोच डाग पुन्हा मोठा दिसू शकतो. दोन्ही वेळा गाठ होती तेवढीच असू शकते. म्हणूनच मुलांच्या गाठींसाठी रॅपनो या आंतरराष्ट्रीय गटाने 2020 मध्ये निकष मांडले, तेव्हा गाठीच्या मापांबरोबर मुलाची प्रकृतीही लक्षात घेतली.

त्यामुळे रिपोर्ट हातात आला की आधी विचारावं : तुलना कुठल्या स्कॅनशी केली? रेडिएशन सुरू होण्यापूर्वीच्या, की संपल्यानंतरच्या पहिल्या? नवा डाग रेडिएशन दिलेल्या भागात आहे की बाहेर? बाहेर असेल तर गाठीचा संशय बराच वाढतो. आत असेल आणि मूल बरं असेल, तर डॉक्टर अनेकदा काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. पण नवी अशक्तता, तोल जाणं, तिरळेपणा, सतत उलट्या यांपैकी काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावं.