नाइस (इंग्रजी विशेषण)

नाइस : 'छान', 'सुखद', 'मनमिळाऊ' अशा अर्थछटांचे इंग्रजीतील विशेषण. हवा, आमटी, सदरा, शेजारी यांपैकी कशालाही ते लावता येते. हा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. शब्दकोशकारांचे कुतूहल मात्र त्याच्या पूर्वेतिहासाभोवती फिरते, कारण या शब्दाचा इंग्रजीतील पहिला अर्थ 'मूर्ख' असा होता.

व्युत्पत्ती : मूळ लॅटिन शब्द नेस्किउस म्हणजे 'न जाणणारा'. ने हे नकारवाचक अव्यय संस्कृत 'न' चे सगोत्र असून स्कीरे म्हणजे जाणणे. घडण आपल्या 'अज्ञ' सारखीच. याच स्कीरेपासून इंग्रजीतील सायन्स आणि कॉन्शन्स हे शब्द आले आहेत, म्हणजे नात्याने नाइस हा विज्ञानाचा अडाणी चुलतभाऊ. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये 'बावळट' या अर्थाने आणि तेथून सुमारे १३०० च्या आसपास तो इंग्रजीत आला असे मानतात. स्पॅनिशमध्ये याच मुळापासूनचा नेसिओ हा शब्द आजही 'मूर्ख' याच अर्थी वापरतात.

सॅम्युएल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशात हा शब्द 'मऊ' अर्थाच्या एका सॅक्सन शब्दाशी जोडला होता. ती व्युत्पत्ती आता कोणी स्वीकारत नाही. तरी ती अगदीच निराधार म्हणता येत नाही : इंग्लंडच्या मध्य व उत्तर भागांतील बोलींत नेश म्हणजे नाजूक, थंडी न सोसणारा, असा एक जुना देशी शब्द आहे आणि उच्चारसाम्यामुळे त्याची छाया नाइसवर पडली असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. छाया पडली असेल. जन्म मात्र लॅटिनचाच.

अर्थपरिवर्तन : चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसर हा शब्द 'खुळा' या अर्थाने सर्रास वापरतो. त्याच्या 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्याच्या दुसऱ्या भागात भाषा काळानुसार पालटते असे सांगणारा एक उतारा आहे. एके काळी मोल असलेले शब्द आता आपल्याला खुळे आणि विचित्र वाटतात, असे कवी तेथे म्हणतो, आणि 'खुळे' साठी त्याने योजलेला शब्द नाइस हाच आहे. शब्दांच्या अर्थबदलावरचे हे निरीक्षण पुढे त्यातल्याच एका शब्दाला इतके तंतोतंत लागू पडावे, हा योगायोग कोशकारांना सुखावणारा आहे.

चौदाव्या ते सोळाव्या शतकांत अर्थाला अनेक फाटे फुटले : स्वैर, उधळ्या, नटवा; लाजाळू, भिडस्त; चोखंदळ, नखरेल; नाजूक; आणि अखेर सूक्ष्म, काटेकोर. शेक्सपिअरकडे तो 'क्षुल्लक' या अर्थानेही येतो. 'रोमिओ अँड ज्यूलिएट' मध्ये मठवासी लॉरेन्स न पोहोचलेल्या पत्राविषयी म्हणतो, की ते नाइस नव्हते, त्यात महत्त्वाचा मजकूर होता. आजच्या वाचकाने येथे 'छान' हा अर्थ घेतला तर वाक्याचा पार विचका होतो. या काळातील पुष्कळ वाक्यांत लेखकाला नेमकी कोणती छटा अभिप्रेत होती ते ठरवणे कठीण जाते, असे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही नमूद आहे.

'मूर्ख' पासून 'सुखद' पर्यंतची वाट कशी जुळवायची, हा खरा वादाचा मुद्दा. शब्दाने थेट उडी घेतली असे कोणी म्हणत नाही. मधला दुवा नेश या बोलीशब्दात शोधणारा एक पक्ष आहे. त्यापेक्षा 'चोखंदळ' या छटेत तो दुवा पाहणे अधिक पटण्याजोगे वाटते. अजाण माणूस बुजरा असतो. बुजरा माणूस आढेवेढे घेतो. आढेवेढे घेणारा चिकित्सक ठरतो. पुढे चिकित्सक माणसाचे विशेषण त्याने पारखून घेतलेल्या वस्तूला, विशेषतः ताटातल्या पदार्थाला, चिकटले. खाणारा नाइस, म्हणून खाणेही नाइस. 'सुखद' या अर्थाचा आरंभ अठराव्या शतकात धरतात आणि व्युत्पत्तिकोशांत बहुधा १७६९ हे वर्ष दिलेले असते. माणसाबद्दल 'प्रेमळ, सौजन्यशील' ही छटा त्यानंतरची, साधारण १८३० च्या सुमाराची. अशी वर्षे उपलब्ध लिखित दाखल्यांवर बेतलेली असतात. बोलण्यात शब्द त्याआधीच रुळलेला असणार.

अर्थ असा चढणीला लागल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. मनुस्मृतीतील व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, 'साहस' हा बळजबरीचा, दंडनीय गुन्हा आहे. मराठीत साहस करणाऱ्याचा सत्कार होतो. इंग्रजीतील सिली हा शब्द नेमका उलट वाटेने गेला : आरंभी 'धन्य, सुखी', मग 'भोळा, बापुडा' आणि शेवटी 'मूर्ख'. भाषाशास्त्राच्या वर्गांत हे दोन शब्द एकमेकांना ओलांडून जाणारे प्रवासी म्हणून जोडीने शिकवले जातात.

नाइस हा पोकळ, आळशी शब्द आहे ही तक्रारही जुनीच. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर अॅबी' या कादंबरीत (प्रकाशन डिसेंबर १८१७) कॅथरीन एका पुस्तकाला सगळ्यांत नाइस म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी तिला चिडवतो : म्हणजे सगळ्यांत नीटनेटके ना, ते तर बांधणीवर अवलंबून. पुढे तो सांगतो, की हा शब्द मुळात बहुधा टापटीप, औचित्य, नाजुकपणा यांपुरताच असावा. आता हरेक विषयावरची हरेक स्तुती त्यात कोंबली जाते. प्रसंग मोठा बहारीचा आहे, पण हेन्रीचे 'मुळात' चुकले आहे. ज्या अर्थाची तो राखण करतो तो मधल्या मुक्कामावरचा होता.

तो मधला अर्थ अजून पुरता लोपलेला नाही. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, छान फरक नव्हे. इंग्रजी वळणाच्या न्यायालयीन भाषेत, आणि त्यामुळे भारतातील जुन्या निकालपत्रांतही, 'नाइस क्वेश्चन ऑफ लॉ' म्हणजे बारकाईने तोलावा लागणारा कायद्याचा मुद्दा. न्यायमूर्तींना तो आवडला असे मुळीच नाही. नाइसेटी या नामातही 'बारकावा' हाच अर्थ टिकून आहे. 'नाइस अँड वॉर्म' यासारख्या जोडीत नाइस स्वतंत्र गुण सांगत नाही, पुढच्या विशेषणाला जोर देतो : 'चांगले ऊबदार' म्हणताना आपण 'चांगले' चे हेच करतो. उपरोधाने तो नेमका उलटही फिरतो. कोणी घोळ घातल्यावर उच्चारलेले 'नाइस!' मराठीतल्या 'वा, छान!' इतकेच झोंबते.

मराठीतील वापर : बोलण्यात, विशेषतः शहरांत, नाइस मोकळेपणाने येतो. व्याकरणाच्या दृष्टीने त्याची सोय अशी, की तो 'छान' आणि 'मस्त' यांच्याप्रमाणे अविकारी राहतो. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगल्या मुलीला' अशी रूपे 'चांगला' ची होतात. 'नाइस मुलगा, नाइस मुलगी, नाइस मुलीला' यांत काहीच हलत नाही. लग्न जुळवण्याच्या बोलण्यांत मात्र तो जपून ऐकावा लागतो. 'मुलगी नाइस आहे हो, पण...' या वाक्यात नकार 'पण' च्या आधीच आलेला असतो. लेखनात नाइस आणि नाईस अशी दोन्ही रूपे आढळतात. उच्चार 'आइस' च्या चालीवर असल्याने ऱ्हस्व इकार अधिक सयुक्तिक.

फ्रान्समधील नीस या शहराच्या नावाची रोमन अक्षरे हीच असली तरी त्याचा या शब्दाशी संबंध नाही. ते नाव निकाया या प्राचीन ग्रीक वसाहतीच्या नावावरून आले असून त्यात विजयदेवता नीकेचा उल्लेख मानतात. गंमत म्हणजे इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर पालटले त्याआधी, म्हणजे चॉसरच्या काळी, विशेषणाचा उच्चारही 'नीस' च्या जवळचा होता. दाणेदार साखर भुरभुरवलेल्या, खोबऱ्याच्या चवीच्या चौकोनी बिस्किटाचे नाव त्या शहरावरूनच पडले असे सहसा मानले जाते. भारतात ते 'नाइस टाइम' या नावाने खपते. तेथे शहराचा उच्चार सुटून विशेषणच उरले आहे.