ओहमच्या आकड्यामागचा व्हॉल्व्ह : स्पीकर जुळवण्याच्या नियमाची पार्श्वभूमी

गिटारच्या व्हॉल्व्ह (निर्वात नळी) अँप्लिफायरच्या पाठीमागे बहुधा ४, ८, १६ असे आकडे असतात आणि स्पीकरचे ओहम त्यांच्याशी जुळलेच पाहिजेत, हे प्रत्येक वादकाने कधी ना कधी ऐकलेले असते. हा नियम व्हॉल्व्हच्या काळात घडला आणि त्याचे कारण कळल्याखेरीज तो आजच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरला लावणे चुकीचे ठरते.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलच्या स्पीकरची रचना मांडली. शंकूला चिकटलेली ही कॉइल हलकी असावी लागते, त्यामुळे तिला तारेचे वेढे थोडे आणि तिचा इम्पीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, जो ओहममध्ये मोजतात) मोजक्याच ओहमचा. व्हॉल्व्हला मात्र काही हजार ओहमचा भार हवा असतो. हे अंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर सांधतो. त्याच्या प्रायमरी (व्हॉल्व्हकडील) आणि सेकंडरी (स्पीकरकडील) वाइंडिंगच्या वेढ्यांचे गुणोत्तर २२.४ असेल, तर त्या संख्येच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे सुमारे ५०० पट, इम्पीडन्स बदलतो आणि ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ४,००० ओहमचा भासतो. त्याच जागी ४ ओहमचा लावला, की भार निम्म्यावर येतो. जुळवणे याचा अर्थ व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध आणि भार समान करणे असा नव्हे, तर रचनाकाराने शक्ती आणि आवाजाची शुद्धता यांचा मेळ घालून ठरवलेला भार व्हॉल्व्हला देणे असा आहे. माझ्या मते बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो.

फेंडर या अमेरिकी कंपनीच्या १९५९ च्या बासमन अँप्लिफायरमध्ये ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडलेले असत, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर २ ओहमच्या भारासाठी केलेला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये तयार झालेला अँप्लिफायर याच बासमनवर बेतलेला होता, पण मार्शलच्या चार स्पीकरच्या पेटीत १६ ओहमचे स्पीकर एकसर-समांतर (दोन-दोन एकापाठोपाठ आणि त्या जोड्या समांतर) जोडून एकूण इम्पीडन्स पुन्हा १६ ओहमच ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पेटी आणि अँप्लिफायर वेगळे झाले की वादक कोणतीही पेटी जोडू शकतो, म्हणून पाठीमागे इम्पीडन्स निवडण्याची सोय आवश्यक झाली.

सर्वांत मोठा धोका स्पीकर अजिबात न जोडण्याचा. भार नसताना गिटारची तार जोरात छेडली, तर प्रायमरी वाइंडिंगमध्ये व्होल्टेज इतके चढू शकते की इन्सुलेशन फुटते किंवा व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी उडते. म्हणूनच फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमधून पिन काढली, की आउटपुटची दोन टोके आपोआप एकमेकांना जोडली जातात (शॉर्ट होतात) आणि व्हॉल्व्ह भाराविना राहत नाही.

१९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारी ट्रान्झिस्टरची रचना प्रसिद्ध केली आणि हे चित्र उलटले. अशा अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स स्पीकरच्या मानाने नगण्य असतो, त्यामुळे त्यावर लिहिलेले ४ ओहम ही किमान मर्यादा असते. तिथे १६ ओहमची पेटी लावली तर आवाज थोडा कमी होतो, इतकेच. २ ओहमची लावली तर विद्युतप्रवाह वाढून ट्रान्झिस्टर जळू शकतात.